टॉर्क रॉड (अवजड वाहनांचा)

टॉर्क रॉड : ट्रक, डंपर, ट्रेलरचा घोडा (ट्रेलर ओढणारे पुढचे इंजिनाचे वाहन) व मोठ्या बसगाड्या यांच्या मागच्या अ‍ॅक्सलला चेसीशी जोडणारा पोलादी दांडा. अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये आणि स्वतःभोवती पिळला जाऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. मोटारगाडीत ‘लोअर आर्म’ ज्या जातीचे काम करतो त्याच जातीचे हे काम असल्याने कंट्रोल आर्म (चाक किंवा धुरा जागेवर धरणारे दांडे) या वर्गातच त्याची गणना होते. कळंबोली, तुर्भे, शिळफाटा या पट्ट्यातल्या गॅरेजांमध्ये त्याचा उच्चार ‘टारक राड’ असा ऐकू येतो; बसगाड्यांच्या कामात ‘रेडियस रॉड’ हे नावही चालते. दांड्याच्या दोन्ही टोकांना डोळे असून त्यांत रबर व लोखंड एकत्र भाजून केलेले बुश दाबून बसवलेले असतात. ‘टॉर्क रॉड गेला’ असे म्हटले जाते तेव्हा दांडा सहसा शाबूत असतो, गेलेला असतो तो बुश.

रचना व कार्य : दहाचाकी किंवा त्याहून मोठ्या ट्रकमध्ये मागे दोन अ‍ॅक्सल जोडीने असतात. प्रचलित रचनेत या जोडीच्या मधोमध चेसीला एक आडवा खुंटा, म्हणजे ट्रनियन असतो. त्यावर कमान, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, उलटी बसवलेली असते आणि तिची टोके दोन्ही अ‍ॅक्सलवरच्या खाचांत नुसती टेकलेली असतात, बोल्टने बांधलेली नसतात. चाक खड्ड्यात गेले की कमानीचे टोक खाचेत सरकते. म्हणजे कमान वजन पेलते, पण अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवत नाही. ते काम पूर्णपणे टॉर्क रॉडांकडे येते. सहसा प्रत्येक अ‍ॅक्सलला खाली दोन दांडे ट्रनियनच्या ब्रॅकेटकडे जातात आणि वर एक दांडा चेसीच्या आडव्या पट्टीकडे जातो, असे एकूण सहा. काही रचनांत वरचा दांडा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा असतो. तो अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकण्यापासूनही अडवतो.

या दांड्यांवर किती जोर येतो ते ढोबळ हिशेबाने पाहता येते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने भारमर्यादा वाढवली, तेव्हा अशा जोड-अ‍ॅक्सलची मर्यादा १९ टनांवरून २१ टनांवर गेली. पूर्ण भरलेली गाडी मध्यम जोराने ब्रेक मारून गुरुत्वीय त्वरणाच्या तीन दशांशाने मंदावली, तर रस्ता मागच्या चाकांना सुमारे ६.३ टन बलाने मागे रेटतो. खालचे दांडे जमिनीपासून ३५ सेंमी व वरचे ८० सेंमी उंचीवर आहेत असे धरले, तर खालच्या चौघांवर मिळून सुमारे ११.२ टन आणि वरच्या दोघांवर उलट दिशेने सुमारे ४.९ टन बल येते. वजाबाकी ६.३ टनच राहते, पण ब्रेक लागल्याने हौजिंग, म्हणजे धुऱ्याचे बाहेरचे कवच, पुढे कलंडू पाहते. त्यामुळे खालच्या दांड्यांना रस्त्यावरच्या बलाहूनही जास्त सोसावे लागते. ब्रेक लागताना पुढच्या अ‍ॅक्सलचे खालचे दांडे दाबले जातात, मागच्याचे ताणले जातात. गाडी उचलताना हे सगळे उलटते. गर्दीत रांगणाऱ्या ट्रकच्या बुशाला ही उलटापालट दिवसातून किती वेळा सोसावी लागत असेल, हे ज्याने मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या मागे तासभर काढला आहे त्याला सांगावे लागत नाही.

ठाणे-नवी मुंबईतील परिस्थिती : न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. ते रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात असले, तरी त्याची वाहतूक नवी मुंबई व ठाण्याच्या अंगावरून जाते. गुजरातकडचा किंवा भिवंडीच्या गोदामांकडचा कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव असा येतो. पुढे गुजरातचा असेल तर माजिवड्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट चढतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल व सळया भरलेले ट्रेलर निघतात. पुण्याहून येणाऱ्या गाड्या बोरघाट उतरून आलेल्या असतात. घाटाच्या उतारात बुश बराच वेळ एकाच दिशेला दाबलेला राहतो, तर ठाण्याच्या कोंडीत तो मिनिटागणिक दोन्हीकडे ओढला जातो. त्यात पावसाळ्यातले खड्डे आणि भरलेल्या गाडीने अंगावर घेतलेले गतिरोधक.

खाडीकाठची दमट, खारट हवा रबरापेक्षा बोल्टांना जास्त बाधते. बंदराच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचे बोल्ट ब्रॅकेटमध्ये गंजून इतके धरतात, की दांडा बदलण्याच्या कामातला मोठा वेळ बोल्ट सोडवण्यातच जातो. रबराचे शत्रू वेगळे. हौजिंगच्या सीलमधून झिरपणारे गियर ऑइल आणि बेताल मारलेले ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवून मऊ करतात. पासिंगच्या आधी चेसीवर काळा रंग मारण्याची पद्धत आहे; त्याने गाडी नवी दिसते, पण बुशावरच्या भेगाही रंगाखाली जातात. एमएच-०४, एमएच-४३ किंवा एमएच-४६ पाटीची जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ताज्या रंगाकडे जरा संशयानेच पाहावे.

झिजेची लक्षणे : पहिली खूण कानाला कळते. गाडी उचलताना मागून एक ‘ठक्’, ब्रेक मारल्यावर दुसरा. झिजलेल्या बुशात दांडा मोकळा फिरतो आणि बलाची दिशा बदलली की दुसऱ्या कडेला जाऊन आपटतो. गियर बदलतानाही तोच आवाज येतो. चालक बहुधा तो जॉइंटचा समजतो आणि प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, बदलून घेतो. हा अंदाज अगदीच चुकीचा नसतो, कारण वरचा दांडा ढिला झाला की हौजिंगचा कोन बदलतो, शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस खरोखरच लवकर जातात. मात्र तेथे रोगाऐवजी त्याच्या परिणामावर खर्च होतो.

दुसरी खूण टायरवर उमटते आणि ती अधिक महागाची आहे. एका बाजूचे बुश दबले की अ‍ॅक्सल तिरका होतो. डावी-उजवीकडच्या दांड्यांत एक मीटर अंतर असेल आणि एक बाजू ५ मिमी मागे गेली, तर त्या अ‍ॅक्सलची चाके दर किलोमीटरला ५ मीटर बाजूला जाऊ पाहतात. पन्नास किलोमीटरच्या खेपेत हे अडीचशे मीटर होतात. इतके बाजूला गाडी जात नाही, कारण बाकीची चाके व स्टिअरिंग तिला सरळ ओढतात. ही ओढाताण टायरच्या रबरातून वसूल होते. टायरवर हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखा खरखरीत लागतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित वाकडे धरावे लागते, आणि मागून पाहणाऱ्याला गाडी तिरकी चाललेली दिसते. अशी गाडी पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटला नेली जाते, तेथे स्टिअरिंग सरळ करून मिळते, आणि मागचे टायर घासत राहतात. टायर, क्रॉस, अलाइनमेंट या सर्वांवर पैसे मोडून झाल्यावर बुशाची पाळी येते, हा क्रम या धंद्यात सर्रास दिसतो.

तपासणी : गाडी रिकामी, सपाट जागी, चाकांना ठोकळे लावलेली असावी. आधी चिखल धुऊन काढावा. रबरात वरवरच्या बारीक भेगा असल्या म्हणून बुश बाद होत नाही. रबर लोखंडापासून सुटले असेल, डोळ्याच्या एका कडेला दाबून बाहेर आले असेल, किंवा बुशाच्या मधल्या पिनेभोवती तांबूस भुकटी वा घासून चकाकणारे लोखंड दिसत असेल, तर तो गेला. मग डोळा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून दांडा हलवून पाहावा. चांगला बुश चिवटपणे थोडा दबतो व परत येतो. गेलेला बुश खडखडतो.

जोर देऊन पाहण्याची परीक्षा जास्त बोलकी आहे, पण ती अनेकदा चुकीची केली जाते. हँडब्रेक ओढून गाडी पुढे-मागे रेटली, तर चाक व हौजिंग ब्रेकनेच एकमेकांशी जखडलेले असतात. बराचसा जोर अ‍ॅक्सलच्या आतल्या आत विरतो आणि खराब बुशही शहाण्यासारखा गप्प बसतो. ट्रेलर जोडलेला असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक धरून घोड्याला पहिल्या गियरमध्ये हलका पुढे आणि मग रिव्हर्समध्ये हलका मागे जोर द्यावा. सुटा ट्रक असेल तर माणसाच्या चालीने थोडा पुढे नेऊन ब्रेक दाबावा. पाहणारा बाजूला, चाकांच्या वाटेबाहेर उभा असावा. गाडी चालू असताना खाली झोपून बुश पाहणारे हेल्पर आजही दिसतात; ती हिंमत दाखवण्याची जागा नव्हे.

शेवटी मोजमाप. गाडी सरळ रेषेत सावकाश पुढे घेऊन, जोरात ब्रेक न मारता थांबवावी. ट्रनियनच्या मध्यापासून प्रत्येक हबच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून ताडावे. दोन्ही अ‍ॅक्सलमधले अंतरही डावीकडे व उजवीकडे सारखे हवे. लेझर यंत्र नसेल तर ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करतात आणि कर्ण मोजतात, म्हणजे गवंडी पाया काटकोनात आहे की नाही ते पाहतो त्याच रीतीने. काळजीने केले तर हे मोजमाप हलके समजण्याचे कारण नाही. मात्र ट्रनियनचा बुश, कमानीचे यू-बोल्ट आणि दांड्यांचे ब्रॅकेटही त्याच वेळी पाहावेत. ढिला यू-बोल्ट किंवा तडकलेला ब्रॅकेट हुबेहूब टॉर्क रॉडसारखाच वागतो.

बदलण्याची रीत : दांडा एका वेळी एकच सोडावा. सहाही एकदम सोडले तर कमानीखाली नुसता टेकलेला अ‍ॅक्सल लवंडू शकतो. चेसी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्की टेकवावी, जॅकवर कधीही विसंबू नये. दांडा व ब्रॅकेट यांच्यामध्ये पातळ पत्र्याचे शिम असतील तर कोणत्या जागी किती होते ते लिहून ठेवावे. अ‍ॅक्सल सरळ करण्यासाठीच ते घातलेले असतात, आणि खाली पडलेले शिम ‘फालतू पत्रा’ म्हणून झाडून टाकले की नव्या बुशांसकट गाडी तिरकी चालते.

जुना बुश काढण्यासाठी गॅसने रबर जाळणे ही रूढ पण वाईट रीत आहे. धूर विषारी असतो आणि ज्योत रेंगाळली तर डोळ्याच्या पोलादाचा कस बिघडतो. हायड्रॉलिक प्रेसवर काढणे हेच बरे. डोळा अंडाकृती झाला असेल, दांडा वाकला किंवा तडकला असेल, तर पूर्ण दांडा बदलावा. घणाने सरळ केलेला किंवा वेल्डिंगने सांधलेला दांडा पुन्हा चढवू नये. नवा बुश बसवताना ग्रीस किंवा ऑइलऐवजी साबणाचे पाणी वापरतात. दोन भोकांची चपटी पिन असलेल्या बुशात पिनेचा दांड्याशी असलेला कोन जुन्याप्रमाणेच राखावा लागतो. तो चुकला की बोल्ट बसवण्यासाठी पिन पिळावी लागते आणि रबर पहिल्या दिवसापासून ताणलेले राहते. टेपर (निमुळत्या) पिनेची रचना असेल तर टेपर व त्याचे भोक स्वच्छ आणि कोरडे हवे. पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते तेलापुढे रबरापेक्षा बरे टिकतात, पण हादरे चेसीकडे जास्त पाठवतात.

या कामात सर्वाधिक हयगय होते ती शेवटच्या आवळणीत. भाजलेल्या रबराचा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याचे रबर पिळले जाते आणि परत येते. अ‍ॅक्सल लटकता असताना बोल्ट आवळले, तर पिन त्याच कोनात जखडली जाते. गाडी चाकांवर आली की रबर उभ्या जागीच पिळलेले असते, आणि त्यापुढे प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढे-मागे करून कमान आपल्या नेहमीच्या उंचीवर येऊ द्यावी, आणि मगच टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तिकेतील मापाइतके आवळावे. पान्याला पाइप जोडून ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेला बोल्ट एक तर ताणला जातो किंवा ढिला राहतो. नायलॉनचे लॉकनट नवेच घ्यावेत. काही शे किलोमीटर चालल्यावर आवळणी पुन्हा तपासायची असते, पण तोवर गाडी बंदराच्या रांगेत लागलेली असते. बुश सहा महिन्यांत गेला की मालक पार्टला नावे ठेवतो; पुष्कळदा दोष आवळणीचा असतो.

एका अ‍ॅक्सलचे डावे-उजवे बुश जोडीने बदलावेत. नंतर अंतरे पुन्हा मोजून, लागल्यास शिम घालून अ‍ॅक्सल सरळ करावा. करवतीसारखे घासलेले टायर मात्र काही काळ गाडीला पूर्वीच्याच बाजूला ओढत राहतात. त्यावरून काम फसले असा निष्कर्ष काढू नये.

ट्रेलर व बस : ट्रेलरच्या स्वतःच्या अ‍ॅक्सलनाही असेच आर्म असतात आणि त्यांतल्या काहींची लांबी कमी-जास्त करता येते. किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या पिनेपासून) पहिल्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतच्या अंतरांत ३ मिमीपेक्षा, आणि दोन अ‍ॅक्सलमधल्या डाव्या-उजव्या अंतरांत १.५ मिमीपेक्षा जास्त फरक नसावा, हे प्रचलित माप आहे. हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या बसगाड्यांत फुगा फक्त वजन पेलतो, त्यामुळे रेडियस रॉडवरची जबाबदारी ट्रकइतकीच पूर्ण असते. लांब पल्ल्याच्या काही आलिशान बसगाड्यांच्या पुढच्या चाकांना तर मोटारीसारखे खरे वर-खाली कंट्रोल आर्म असतात. अशा बसखाली शिरण्यापूर्वी चेसीला घोड्यांचा आधार देऊन फुग्यांतली हवा सोडावी लागते, आणि शेवटची आवळणी हवा भरून बस आपल्या ठरलेल्या उंचीवर आल्यानंतरच करावी लागते.