लॉक रिंग आणि स्प्लिट रिम: चीर कुठे आहे ते आधी बघा

जुन्या अमेरिकन पिकअपच्या चाकावर लोखंडी रिंग दिसली की कुणीतरी म्हणतंच, ‘अरे बापरे, स्प्लिट रिम! लांब हो.’ आणि ज्या चाकाला खरोखर घाबरायला हवं त्याच्यासमोर तोच माणूस उकिडवा बसून खुशाल हवा भरत असतो, कारण तिथे त्याला रिंग दिसत नाही. पन्नास-साठच्या दशकातला एक टनी ट्रक कुणी विकत घेतला की पहिल्याच आठवड्यात हा गोंधळ होतो. मला आता त्याचा कंटाळा आलाय.

लॉक रिंगचं चाक तुम्ही पाहिलेलं असणार, म्हणून थोडक्यात. रिमची आतली कड पक्की, बाहेरची कड सुटी. टायर, ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) सरळ सरकवायचे, बाहेरून कडेची रिंग बसवायची आणि ती धरून ठेवायला रिमच्या खाचेत लॉक रिंग. हलक्या ट्रकच्या पुष्कळ चाकांत ही दोन्ही कामं एकच रिंग करते. जुने जाड टायर एकसंध रिमच्या कडेवरून ओढून चढवणं म्हणजे खांदे निखळायचं काम, म्हणून ही सोय.

घोटाळा नावातच आहे. लॉक रिंग खाचेत शिरण्यासाठी उघडावी लागते, त्यामुळे ती एका जागी आडवी कापलेली असते. ती फट बाहेरून स्पष्ट दिसते, टॉमीचं टोक तिथेच घालतात. चीर दिसली, म्हणून लोक म्हणाले स्प्लिट. पण चिरलेली आहे ती रिंग. रिम अखंड आहे.

खऱ्या स्प्लिट रिममध्ये रिमच दुभागलेली असते. आडवी नाही, परिघाभोवती गोल. फायरस्टोनची ‘आरएच-5 डिग्री’ ही त्यातली सगळ्यात कुप्रसिद्ध; अमेरिकेत तिला ‘विडोमेकर’ म्हणतात, म्हणजे बायकोला विधवा करणारी. तिचे दोन तुकडे असे: एकात मधली तबकडी, एक कड आणि रिमच्या बुडाचा निम्मा भाग, दुसऱ्यात दुसरी कड आणि बुडाचा उरलेला भाग. दोन्ही एकमेकांत अडकतात ते बुडाच्या मधोमध, बरोबर ट्यूबखाली. धरायला वेगळी लॉक रिंग नाही, बोल्ट नाही. एका तुकड्याचा ओठ दुसऱ्याच्या खाचेत, बस्स. तो निसटला की तुकडा उडतो. टायर चढल्यावर समोरून हे चाक अगदी एकसंध दिसतं. म्हणूनच नवखा माणूस म्हणतो, ‘हे तर साधंच चाक आहे.’

लॉक रिंग नीट बसली नसेल तर ते डोळ्यांना कळतं: रिंग एका बाजूला वर आलेली असते, फट वाजवीपेक्षा मोठी दिसते. पाच-दहा पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) हवा भरून थांबायचं, बघायचं, शंका आली तर सगळी हवा सोडून पुन्हा बसवायचं. आरएच-5 मध्ये बघण्यासारखं काही उरतच नाही. सांधा ट्यूब आणि फ्लॅपच्या खाली, गंज चढतो तोही तिथेच. ओठ झिजलाय की शाबूत आहे हे टायर उतरवल्याशिवाय समजत नाही, आणि टायर पुन्हा चढवला की परत अंधार. दोघींत खरा फरक हा एवढाच, आणि बाकी सगळं यावरूनच ठरतं.

तो ओठ किती जोर पेलतो याचा अंदाज घ्या. 7.50-16 (साडेसात इंच रुंद, 16 इंची रिमचा) टायर घेतला, तर बाहेरच्या कडेला ढकलणारं क्षेत्रफळ ढोबळमानाने अडीचशे चौरस इंच धरता येतं. 60 पीएसआय हवा भरली की 15,000 पौंड झाले, म्हणजे जवळजवळ सात टन. लॉक रिंगवरही येतो तो हाच जोर, त्यामुळे ती निरुपद्रवी आहे असं कुणी समजू नये. वेगळ्या बनावटीच्या रिंगा ‘बसतेय ना’ म्हणून ठोकून बसवल्या, वाकलेली रिंग गरम करून सरळ केली, तडा वेल्ड केला, की तीही सुटते. पण ती निदान तपासू देते.

‘रिंगची बाजू जमिनीकडे करून हवा भरली की झालं’ हा सल्ला ज्याने शोधून काढला त्याला माझा साष्टांग नमस्कार. रिंग खाली असेल तर चाक वर उडेल, एवढंच. लोखंडी पिंजरा, वॉल्व्हला आपोआप धरून बसणारी क्लिप, लांब नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला गेज, आणि आपण उडणाऱ्या रेषेच्या बाहेर. याला पर्याय नाही. अमेरिकेच्या ‘ओशा’चा, म्हणजे कामगार-सुरक्षा खात्याचा, अनेक तुकड्यांच्या रिमांसाठीचा नियम 1980 चा आहे, 1984 मध्ये एकसंध रिमाही त्यात घेतल्या. पिंजरा, हवा असताना हातोडा न मारणं, तडा गेलेला भाग वेल्ड न करणं, हे सगळं त्यात आहे. मात्र एलटी (‘लाइट ट्रक’, म्हणजे हलक्या ट्रकचे) टायर लावलेले पिकअप त्या नियमातून वगळलेत, आणि काही शहाणे यावरून ‘म्हणजे आपल्याला धोका नाही’ असा अर्थ काढतात. नियम कामाच्या जागांसाठी आहे हो. रिमला ती पिकअपवर आहे की दहा टनी ट्रकवर, हे कळत नाही.

ओळखायचं कसं? चाकाला हात लावण्याआधी वॉल्व्हची पिन काढा आणि हवा पूर्ण जाऊ द्या. चाक जोडीचं असेल तर दोन्ही टायरांची. मी एकदा पिन काढून चहाला गेलो, परत आलो तर सगळं शांत. सवयीने वॉल्व्हमधून तार घातली आणि परत फुस्स सुरू झालं. रबराची कपची आत अडकली होती. त्या दिवसापासून तार घातल्याशिवाय मी नटाला पाना लावत नाही. मग चाक उतरवून पालथं करा. ब्रेक ड्रमकडच्या बाजूला, रिमच्या पोटात मधोमध गोल फिरलेली सांध्याची रेघ दिसली, किंवा रिमवर ‘आरएच-5’ असा ठसा सापडला, की विषय संपला. तिच्यात पुन्हा हवा भरायची नाही, ‘फक्त गाडी हलवण्यापुरती’सुद्धा नाही.

लॉक रिंगच्या चाकांचं काय? प्रदर्शनापुरती गाडी असेल, सगळे भाग एकाच बनावटीचे आणि गंजाने न खाल्लेले असतील, आणि हे काम येणारा टायरवाला मिळत असेल, तर ठेवा. रोज चालवायची असेल तर मी बदलतो. टायरवाला हात लावायला नाही म्हणाला तर त्याला आळशी म्हणू नका, त्याला घरी जायचंय.

बदलताना बोल्टची आठ भोकं आणि त्यांचं साडेसहा इंचांचं वर्तुळ, हे अमेरिकन पाऊण आणि एक टनी गाड्यांत पुष्कळदा आढळतं, पण मोजल्याशिवाय मागवू नका. मधलं भोक, ऑफसेट (तबकडी रिमच्या मध्यापासून किती सरकलेली ते), नटाचा उतार, चाकाची भारक्षमता, हे कॅटलॉगमध्ये मिळतं. डाव्या बाजूचे नट हलत नसतील तर जोर लावण्याआधी आटे उलटे आहेत का पाहा.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसतो: 16 इंची आणि 16.5 इंची रिम. जुन्या बाजारात 16.5 ची एकसंध चाकं स्वस्तात पडलेली असतात. त्यांची बीड (टायरची तार भरलेली आतली कड) बसायची जागा 15 अंश उताराची, 16 ची 5 अंशांची. 16 चा टायर 16.5 च्या रिमवर चढतो, पण बीड जागेवर बसत नाही. माणूस म्हणतो आणखी थोडी हवा भरू, आणि बीडची तार तुटून टायर फुटतो. विधवा करणारी रिम काढून हे घरी आणायचं असेल तर खर्च कशाला केला? 20 इंची चाकांच्या जागी 22.5 ची ट्यूबलेस उंचीला साधारण जुळतात, 19.5 लावली तर गाडी खाली बसते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. तिथेही नुसता टायर बदलून चालत नाही, चाक आणि टायर दोन्ही एकाच मापाचे हवेत.

काढलेल्या आरएच-5 वरचे टायर उतरवा आणि त्या रिमा कापून टाका. अख्ख्या भंगारात दिल्या तर कुणीतरी उचलून नेतोच. आणि हौद्याखाली वाका. चारही नवी चाकं लावून मिरवणाऱ्या निम्म्या गाड्यांना स्टेपनी जुनीच लटकलेली मी पाहिली आहे, गंजलेली, आणि वर्षानुवर्षं हवा तशीच कोंडलेली.