कचरा पायाखाली, जंगल डोक्यावर
शाळांसाठी निसर्गभ्रमंती : माहितीपत्रक

सायन–वांद्रे लिंक रोडवरून जाताना धारावीजवळ दाट झाडी दिसते, ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मुंबईकर त्याला माहीम नेचर पार्क म्हणतात. शाळांच्या मुलांना आम्ही तिथे अर्ध्या दिवसाच्या भ्रमंतीला नेतो. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालकांना या भ्रमंतीची कल्पना यावी, म्हणून हे पत्रक.

हीच जागा का?

१९७७ पर्यंत इथे शहराचा कचरा पडत होता. १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हातून इथे पहिलं झाड लागलं आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी उघडलं. आज ३७ एकरांवर झाडी आहे. एका अंगाला मिठी नदी, तिच्यापलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती.

हे ऐकल्यावर कुणीतरी मूल विचारतंच, "मग तो कचरा गेला कुठे?" कुठेच गेला नाही. त्यावर माती पडली, मातीत झाडं रुजली आणि आपण आत्ता त्याच्यावरच उभे आहोत. मुलं चटकन पायाखाली बघतात. देवराईत किंवा मोठ्या अभयारण्यात जंगल आधीपासूनच असतं, ते राखायला कुणी काय केलं हे लहान मुलाला दिसत नाही. इथे माणसांनी नासवलेली जागा माणसांनीच पुन्हा उभी केली, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळतं. म्हणून लांबच्या सहलींची मागणी असूनही आम्ही हीच जागा धरून आहोत.

भ्रमंतीत काय करतो?

चालणं कमी, थांबणं जास्त. झाडांची नावं पाठ करून घेत नाही. तीन-चार ठिकाणी नीट थांबतो.

उंबरापाशी आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण "उंबराचं फूल झालास की!" म्हणतो, कारण ते फूल कुणाला दिसत नाही. खाली पडलेलं एक उंबर मुलांच्या हातात देतो, ते उघडायचं आणि भिंगातून बघायचं. आत शेकडो बारीक फुलं दाटीनं बसलेली असतात. म्हणजे फूल आहे, फळाच्या पोटात आहे. त्यात चिलटाहून लहान गांधीलमाश्याही सापडतात. घरी आपण "किडकं" म्हणून टाकून देतो ते हेच. या गांधीलमाशीची मादी उंबराच्या टोकाच्या बारीक भोकातून आत शिरते, येताना दुसऱ्या उंबराचे परागकण आणते आणि आतच अंडी घालते. तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही आणि उंबराशिवाय तिची पुढची पिढी नाही. उंबर पिकलं की बुलबुल, तांबट, वटवाघळं येतात आणि बिया दूरवर टाकतात. पडीक जागेवर झाडं आपोआप कशी उगवतात, त्याचं उत्तर मुलांना तळहातावर मिळतं.

दुसरा मोठा थांबा मिठीच्या बाजूला. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून ही नदी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. काठावर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं आहेत. चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं दुर्बिणीतून दाखवतो. तिवराचं पान खारं लागतं हे कळावं म्हणून काही ठिकाणी ते मुलांना चाटायला देतात. आम्ही देत नाही, इथलं पाणी स्वच्छ नाही आणि ते आम्ही मुलांपासून लपवत नाही. इथे एक गृहपाठही देतो : २६ जुलै २००५ ला तुम्ही कुठे होतात, हे घरातल्या मोठ्यांना विचारून यायचं. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी वस्त्यांमध्ये शिरली. मुलं ज्या गोष्टी लिहून आणतात त्या वाचताना शिक्षकांचेही डोळे भरून येतात.

अधेमधे रुईवर, लिंबावर, कढीपत्त्यावर सुरवंट शोधतो. शेवटी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ऐकू येईल ते वहीत टिपायचं : तांबटाचं टुक-टुक, घारीची शीळ, लिंक रोडवरचे हॉर्न. हॉर्नही लिहायचे.

कधी यावं?

फुलपाखरं आणि कोळी बघायचे असतील तर पावसाळ्याचा उत्तरार्ध, पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये बहावा फुलतो, पण ऊन सोसत नाही, त्यामुळे त्या महिन्यात लहान वर्ग घेत नाही. विजा कडाडत असतील तर भ्रमंती पुढे ढकलतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आमच्या अटी

एका मार्गदर्शकामागे पंधराच मुलं. दोन बस भरून मुलं आणायची असतील तर दोन दिवस करूया, एका दिवशी कोंबू नका. पंधराव्या मुलाच्या मागे उभं राहिलेल्या मुलाला फक्त पाठी दिसतात. लाउडस्पीकर नाही, रीलसाठी चित्रीकरण नाही, फुलं-पानं तोडणं नाही. शिक्षकांनी सोबत चालावं, बाकावर बसून राहू नये. शिक्षक वाकून बघतात तेव्हा मुलंही वाकतात, हा आमचा अनुभव.

पालकांसाठी : फिके, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, टोपी, पाण्याची बाटली. डबा घरचा असावा, वेफर्सची पाकिटं नकोत. मुलाला दमा किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर संमतीपत्रात जरूर लिहा. प्रथमोपचाराची पेटी आमच्याकडे असते, औषध मात्र तुमच्या डॉक्टरांनी दिलेलंच द्या.

आमच्या शुल्कात मार्गदर्शक, भिंगं, दुर्बिणी आणि नोंदवही येते. बस आणि उद्यानाचं प्रवेशशुल्क शाळेकडे. उद्यानाची परवानगी आम्ही काढतो, त्यासाठी पंधरा दिवस आधी कळवा. पैशांची अडचण असलेल्या शाळांनी संकोच न करता सांगावं. आजूबाजूच्या वस्तीतली मुलं या जंगलाची सर्वांत जवळची शेजारी आहेत, शुल्कापायी ती बाहेर राहावीत असं आम्हाला मुळीच वाटत नाही.

भ्रमंतीनंतर महिनाभराने आम्ही शाळेत एक तास येतो. तोवर प्रत्येक मुलानं शाळेच्या किंवा घराच्या वाटेवरचं एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची नोंद ठेवायची. त्या तासाला या वह्या उघडून बसतो.