आधी समुद्र, मग सरोवरे : सूक्ष्मप्लॅस्टिकच्या शोधाची पार्श्वभूमी

सूक्ष्मप्लॅस्टिकचा, म्हणजे पाच मिलिमीटरांहून लहान प्लॅस्टिककणांचा, अभ्यास समुद्रापासून सुरू झाला. उत्तर अटलांटिकमधील सारगासो समुद्रात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या कणांची नोंद १९७२ मध्येच झाली होती. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील शोधनिबंधानंतर ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द रूढ झाला. समुद्रात जाणारा पुष्कळसा कचरा नद्यांमधून वाहत येतो हे ठाऊक असूनही गोड्या पाण्याकडे संशोधकांचे लक्ष उशिराच गेले.

हे चित्र पालटले ते उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांमुळे. शेरी मेसन आणि मार्कस एरिक्सन या संशोधकांच्या गटाने २०१२ च्या उन्हाळ्यात सुपीरियर, ह्युरॉन आणि इरी या सरोवरांच्या पृष्ठभागावरून, समुद्रातील पाहण्यांमध्ये वापरतात तशी, सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर छिद्रांची जाळी ओढून २१ नमुने घेतले. दर चौरस किलोमीटरला सरासरी सुमारे ४३,००० कण आढळले, तर इरी सरोवरात मोठ्या शहरांवरून पाणी वाहत येते अशा एका ठिकाणी हा आकडा ४,६६,००० च्याही वर गेला. त्यांतील अनेक कण रंगीत आणि गोल होते, म्हणजे फेसवॉश-स्क्रबमध्ये घालतात त्या मण्यांसारखे. दोषी इतका नेमका सापडणे प्रदूषणाच्या इतिहासात विरळाच. इलिनॉय राज्याने २०१४ मध्ये या मण्यांवर बंदी आणली आणि डिसेंबर २०१५ मध्ये ओबामा यांनी राष्ट्रीय कायद्यावर स्वाक्षरी केली. मात्र त्याचा रोख धुऊन टाकायच्या प्रसाधनांपुरताच होता.

माझ्या मते या कायद्याची मर्यादा पाहणीच्या पद्धतीतही दडलेली आहे. पृष्ठभागावर ओढलेल्या जाळ्यात तरंगणारे तेवढेच सापडते. पॉलिएथिलीनचे मणी पाण्यापेक्षा हलके असतात, उलट कपडे धुताना सुटणारे पॉलिएस्टरचे तंतू पाण्याहून जड. याच सरोवरांना मिळणाऱ्या २९ नद्यांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा एकूण कणांपैकी सुमारे ७१ टक्के तंतूच निघाले. मण्यांना जसा सोपा पर्याय होता तसा कपड्यांना नाही, आणि कदाचित म्हणूनच त्यांच्याबाबत तशी घाई झाली नाही.

तळाचा गाळ तपासल्यावर हिशेब आणखी बदलतो. केरळच्या वेंबनाड सरोवरातील गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर चौरस मीटरला सरासरी सुमारे २५३ कण मिळाले. त्यांत सर्वाधिक होते ते पिशव्यांसाठी वापरले जाणारे कमी घनतेचे पॉलिएथिलीन. एरवी हे तरंगते, पण कणांवर जीवाणू आणि शेवाळाचा थर चढला की त्यांचे वजन वाढून ते बुडू शकतात.