मध्यम बॉडीची किफायती सिगार : आस्वाद व परीक्षण

सिगार पेटवण्याच्या आधीपासून ती संपेपर्यंत तिची बांधणी, जळण्याची रीत, धुराचा भरीवपणा आणि स्वादात होत जाणारे बदल यांकडे लक्षपूर्वक पाहून तिच्याविषयी साधार मत बनवणे, याला सिगारपरीक्षण म्हणतात. मध्यम बॉडीच्या किफायती सिगारची पारख महागड्या सिगारच्या पारखीपेक्षा अवघड मानावी लागते. कडक सिगारमध्ये निकोटिनचा जोर आणि मिरीसारखा तिखटपणा अर्धवट मुरलेल्या पानांचे दोष बऱ्याच अंशी झाकून टाकतो, तर अगदी सौम्य सिगारकडून स्वादाची अपेक्षाच माफक असते. मध्यम सिगारला यांपैकी कोणतीच सवलत मिळत नाही; अमोनियाचा हलका दर्प किंवा पानांतला कडवटपणा तिच्यात लगेच उघडा पडतो.

बॉडी, जोर आणि स्वाद या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि परीक्षणातील बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो. बॉडी म्हणजे धूर तोंडात किती दाट आणि जड वाटतो ते. जोर म्हणजे निकोटिनचा शरीरावर होणारा परिणाम. स्वाद म्हणजे जीभ आणि नाक यांना मिळून जाणवणारी चव आणि गंध. मध्यम बॉडीची सिगार स्वादाने भरगच्च असू शकते आणि जोराने सौम्यही असू शकते. हे गणित प्रामुख्याने आतल्या पानांच्या मिश्रणावर ठरते. तंबाखूच्या रोपाच्या शेंड्याकडची, ऊन जास्त मिळालेली जाड पाने ‘लिहेरो’ म्हणून ओळखली जातात. ती जोर देतात आणि सावकाश जळतात. मधली ‘सेको’ पाने मुख्यतः गंध देतात, तर खालची पातळ ‘वोलादो’ पाने सिगार पेटती ठेवतात. मध्यम मिश्रणात लिहेरोचे प्रमाण बेताचे ठेवून ते सिगारच्या मध्यभागी वळले जाते, म्हणजे कडेची पाने आधी पेट घेतात आणि मधले जाड पान विझत नाही.

रचनेच्या दृष्टीने सिगारचे तीन भाग असतात : आतला भराव किंवा फिलर, त्याला बांधून ठेवणारे बाइंडर आणि सर्वांत बाहेरचे वेष्टनपान, म्हणजे रॅपर. रॅपरचे पान डाग, छिद्र आणि जाड शिरा यांपासून मुक्त असावे लागते, म्हणून तिन्हींत तेच सर्वांत महाग पडते. किंमत कमी ठेवण्याचे मार्ग इथूनच सुरू होतात. काही उत्पादक रंगाने थोडी असमान रॅपर पाने वापरतात; काही अखंड पानांच्या लाँग फिलरसोबत तुकड्यांचा भराव मिसळतात; काही लाकडी खोक्याऐवजी सिगारी जुडीने विकतात; काही पाने मुरवण्याचा काळ आखडता घेतात. यांतले पहिले आणि तिसरे मार्ग ओढणाऱ्याचे काहीच नुकसान करत नाहीत, आणि चांगली किफायती सिगार बहुधा याच बचतीतून घडते. मुरवण्याचा काळ कमी करणे हा मात्र खरा दोष आहे. ढीग रचून आंबवताना पानांतून अमोनिया बाहेर पडतो आणि कडवटपणा उतरतो; ही प्रक्रिया अपुरी राहिली तर तिची भरपाई कोणत्याही सुंदर रॅपरने होत नाही.

क्यूबाबाहेरच्या हातवळणीच्या सिगारींचा आजचा विस्तार १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबावर घातलेल्या व्यापारबंदीशी निगडित आहे. क्यूबा सोडून गेलेल्या तंबाखू व्यावसायिकांनी बियाणे आणि कसब डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि निकाराग्वा येथे नेले. मध्यम बॉडीच्या किफायती सिगारींचा मोठा पुरवठा याच देशांतून होतो. निकाराग्वातील एस्तेली खोऱ्यातली पाने अधिक जोरकस आणि मिरीच्या अंगाची, तर हालापा खोऱ्यातली अधिक गोडसर मानली जातात. डोमिनिकन पाने तुलनेने मऊ असतात. एक्वाडोरमध्ये ढगांच्या नैसर्गिक सावलीत वाढलेली रॅपर पाने पातळ आणि नितळ असल्याने या वर्गात बरीच वापरली जातात. मिश्रणाची ही माहिती आधी वाचली तर जीभ तेच शोधू लागते, म्हणून ती परीक्षणानंतर वाचणे श्रेयस्कर.

परीक्षणाआधी सिगार योग्य स्थितीत असणे आवश्यक आहे. साधारणपणे ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान साठवणीसाठी योग्य मानले जाते. ओलसर सिगार नीट पेटत नाही आणि आंबट लागते. कोरडी सिगार भराभर जळून तिखट होते आणि तिचे रॅपर तडकते. तापमान २५ अंशांच्या वर बराच काळ राहिल्यास तंबाखूच्या भुंग्याची अंडी उबण्याचा धोका वाढतो. प्रवासातून नुकत्याच आलेल्या सिगारला काही आठवडे स्थिर आर्द्रतेत विसावू दिल्याशिवाय तिच्याविषयी प्रतिकूल मत नोंदवणे अन्यायाचे ठरते.

हातात घेतल्यावर सिगार दोन बोटांत हलके दाबत टोकापासून टोकापर्यंत तपासतात. कुठे पोकळ जागा लागली तर तिथे ती तापून झरझर जळते, आणि कुठे गाठ लागली तर धूर अडतो. रोबस्तो हा परीक्षणासाठी सोयीचा आकार आहे : लांबी सुमारे ५ इंच आणि जाडी ५० रिंग गेज. रिंग गेजचा एक अंक म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, त्यामुळे ५० गेजची सिगार जवळपास २० मिलिमीटर जाड असते. ४२ गेजच्या ‘कोरोना’ या बारीक आकारामध्ये भरावाच्या तुलनेत रॅपरचे प्रमाण जास्त पडते, म्हणून एकच मिश्रण दोन जाडींत वेगळे लागते. एका आकारावरून संपूर्ण मालिकेचा निवाडा करता येत नाही.

टोपीकडचे, म्हणजे तोंडात धरायच्या बाजूचे, टोक खांद्याच्या, म्हणजे ते जिथे गोलाई घेते त्या वळणाच्या, वरच कापावे, अन्यथा रॅपर उलगडू लागते. कापल्यावर न पेटवता ओढून पाहिले की धूर ओढायला लागणाऱ्या जोराचा, म्हणजे ड्रॉचा, अंदाज येतो आणि गवत, देवदार किंवा सुक्या फळांसारखे कच्च्या पानांचे गंधही मिळतात. पेटवताना ज्योत टोकापासून थोडी दूर धरून कडा आधी समान तापवतात. घाईने ज्योत आत ओढल्यास पहिल्या झुरक्यांत करपट चव उतरते आणि तो दोष सिगारच्या माथी मारला जातो.

आस्वाद घेताना धूर छातीत न ओढता तोंडात घोळवून सोडतात. झुरक्यांची गती मिनिटाला साधारण एक इतकी संथ असावी. याहून वेगाने ओढल्यास निखारा तापतो, आणि उत्तम मिश्रणही कडू लागते. स्वादाचा मोठा भाग गंधातून कळत असल्याने थोडा धूर नाकावाटे सोडण्याची पद्धत आहे. मिरीची चुणचुण, भाजलेल्या कॉफीचा वास, कोको, सुकामेवा, चामडे, ओली माती आणि देवदार हे नेहमी वापरले जाणारे वर्णनशब्द आहेत. परीक्षणलेखनातले दहा-दहा स्वादांचे गजरे विश्वासार्ह नसतात. दोन-तीन स्वाद निश्चितपणे ओळखून ते कुठे सुरू झाले, किती टिकले आणि झुरक्यानंतर तोंडात काय उरले, हे लिहिणे अधिक उपयोगाचे. नोंदींसाठी सिगारचे तीन भाग कल्पिले जातात. पहिल्या भागात मिश्रण स्थिरावते, दुसऱ्यात ते पूर्णपणे कळते आणि तिसऱ्यात उष्णता व साचलेली द्रव्ये वाढल्याने खरी कसोटी लागते. किफायती सिगारमध्ये स्वाद फारसे बदलत नाहीत, आणि त्यात उणेपणा मानू नये. एकच गोडसर, लाकडी स्वाद शेवटपर्यंत स्वच्छ टिकला तर ती मोठी जमेची बाजू आहे. तिसऱ्या भागात तिखट, धातूसारखी चव आली तर मात्र गुण कमी करावेत.

जळण्याची रेषा थोडी वाकडी होणे क्षम्य आहे. एक बाजू खोल जळत जाणे किंवा आतला भराव जळून बाहेरचे पान तसेच राहणे हे बांधणीचे दोष होत. राखेचा पांढरेपणा मात्र गुणवत्तेचा पुरावा नाही. तो मुख्यतः पानांतील मॅग्नेशियम, कॅल्शियम अशा खनिजांवर अवलंबून असतो. राख घट्ट टिकणे अखंड पानांच्या भरावाकडे निर्देश करते, एवढाच अर्थ त्यातून काढावा.

धूर न गिळताही सिगार निरुपद्रवी ठरत नाही. बहुतेक सिगारींचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते, आणि मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. रिकाम्या पोटी मध्यम सिगारही घेरी आणि मळमळ आणते, आणि त्या अवस्थेत केलेले परीक्षणही ग्राह्य धरता येत नाही.

१९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सिगार अफिसियोनाडो’ या नियतकालिकामुळे १०० गुणांची पद्धत रूढ झाली. अशा पद्धतीत ९० च्या वरचे गुण उत्कृष्ट मानले जातात. परीक्षकाला नाव कळू नये म्हणून सिगारवरची कागदी पट्टी काढून टाकतात, आणि किफायती वर्गात ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे, कारण स्वस्तपणा ठाऊक असला की परीक्षक एकतर जास्त उदार होतो किंवा जास्त कठोर. गुण किमतीकडे न पाहता द्यावेत आणि किमतीचा विचार नंतर, स्वतंत्र वाक्यात करावा. या वर्गाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे एका सिगारपासून दुसरीपर्यंत पडणारा फरक. म्हणून एका नगावर मत देऊ नये. एकाच जुडीतल्या किमान तीन सिगारी वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी आणि पाण्याव्यतिरिक्त कोणतेही पेय न घेता ओढून पाहाव्यात. तिन्हींचा ड्रॉ मोकळा आणि जळणे समान निघाले, आणि मुख्य स्वाद तिन्हींत ओळखता आला, तर त्या सिगारला एखाद्या अपवादात्मक चमकदार नगापेक्षा वरचे स्थान द्यावे. तीनपैकी एक अडून बसली तर तो नग नोंदीतून न वगळता सरासरीत धरावा, कारण विकत घेणाऱ्याच्या वाट्यालाही त्याच प्रमाणात असे नग येतात.