डाळिंबाच्या बागेतलं खोटं पान

पावसाळा सरत आला की सांगोला-पंढरपूर पट्ट्यातल्या बागांत एक तक्रार हमखास ऐकू येते. फवारण्या वेळेवर झाल्या, तरी पिकत आलेल्या डाळिंबाला टाचणीएवढं भोक पडतं, भोवतालची साल मऊ होते, बुरशी शिरते आणि फळ गळतं. दिवसा बाग पालथी घातली तरी किडा दिसत नाही. दिसणार कसा? रस शोषणारा पतंग रात्री येतो आणि दिवसा वाळकं पान होऊन बसतो.

यूडोसिमा गटातले हे पतंग पंख पसरल्यावर 8 ते 10 सेंटिमीटर भरतात. मिटलेले पुढचे पंख पाचोळ्याच्या रंगाचे. पण नुसत्या रंगाला पक्षी भुलत नाही. वाळलं पान वळतं, पंख सपाटच असतो. मग या सपाट पंखावर वळण येतं कुठून?

पंखावर कौलांसारखे खवले रचलेले असतात. बोटाला लागणारी ‘पावडर’ ती हीच. (ती डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो, ही भाकडकथा.) एकेक खवला एकाच पेशीतून घडतो, लांबीला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. गडद-फिके खवले शेजारी लागले की शेडिंग तयार होतं. उजेड वरून येतो हे नजरेनं धरलेलंच असतं, म्हणून फिका भाग फुगीर आणि गडद भाग खोलगट वाटतो.

खरी कमाल पुढे आहे. वळलेल्या गुळगुळीत पानाच्या उंचवट्यावर उन्हाची तिरीप चमकते. ही चमक रंगद्रव्यानं रंगवता येत नाही, कारण पाहणारा सरकला की तीही सरकते. ऑस्ट्रेलियातल्या यूडोसिमा ऑरँशिया या भाऊबंदावर याचा अभ्यास झाला आहे. पान जिथे चमकलं असतं नेमक्या त्याच जागी त्याच्या खवल्यांची अतिसूक्ष्म घडण प्रकाश चहूकडे विखरू न देता आरशासारखा एका बाजूला परतवते. रॉकेलच्या तवंगावर रंग दिसतात तेही असंच, पातळ थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे. पतंगाला यातलं काही ठाऊक नाही. ज्यांचं ‘पान’ कच्चं होतं, त्यांना पक्ष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिपलं, एवढंच.

सोंग उघडं पडलंच तर तो झटकन मागचे पंख उघडतो. भडक नारिंगी! पक्षी दचकतो तेवढ्यात हा पसार. या गटातल्या दोन जातींची ओळख याच पंखांवरून होते: मधोमध गोल काळा ठिपका असेल तर मटेर्ना, स्वल्पविरामासारखा वाकडा डाग असेल तर फॅलोनिया.

फवारणी वाया का जाते? अळी डाळिंबावर वाढतच नाही. ती बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर असते. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके असतात. पतंग उपराच, सोंड खुपसून निघून जातो. काढ्याच्या नादानं कुणी बांधावर गुळवेल चढवली असेल, तर त्यानं पतंगाचं बाळंतपणच पत्करलं म्हणायचं.

वेली मुळासकट काढाव्यात. गळलेली फळं पुरावीत, आंबूस वासानं पतंग येतात. फळांना पिशव्या बांधाव्यात, पण सैल. पिशवी फळाला चिकटली तर सोंड आरपार जाते. अंधार पडल्यापासून 11 वाजेपर्यंत टॉर्च घेऊन झाडं तपासावीत आणि पतंग हातानं पकडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. पंखांचं सोंग रात्री कामाला येत नाही, कारण टॉर्चच्या उजेडात पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात.