मॉनिटरिंग एजंटचे चुकलेले सेटिंग

मॉनिटरिंग एजंट हा सर्व्हरवर गुपचूप चालणारा छोटा प्रोग्राम. सीपीयू, मेमरी, डिस्क आणि चालू सेवांची खबर तो मध्यवर्ती व्यवस्थापन सर्व्हरला देतो. खबर थांबली की डॅशबोर्डवर मशीन बंद दिसते. मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिम सेंटर ऑपरेशन्स मॅनेजरमध्ये मूळ सेटिंगनुसार दर ६० सेकंदांनी हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा छोटा संदेश, जातो आणि सलग ३ चुकले की अलर्ट येतो. मशीन मात्र पुष्कळदा ठणठणीत असते, चुकलेले असते ते एजंटचे सेटिंग. सर्व्हर वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात आणि आयटी टीम पुण्यात असेल, तर एवढ्यासाठी कुणाला तरी सर्व्हर रूमपर्यंत पिटाळले जाते.

पहिली तपासणी पोर्टची, म्हणजे माहिती ज्या क्रमांकाच्या दारातून ये-जा करते त्याची. झॅबिक्स या मॉनिटरिंग प्रणालीमध्ये पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर एजंटला १००५० पोर्टवर विचारतो, तर अॅक्टिव्ह पद्धतीत एजंट आपणहून सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर माहिती पाठवतो. कारखाना नॅटच्या (आतल्या मशीनचे पत्ते बाहेरून लपवणाऱ्या व्यवस्थेच्या) आड असेल तर बाहेरून विचारणारा सर्व्हर सहसा आत पोचत नाही. तिथे अॅक्टिव्ह पद्धतच बरी.

सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष नावाचा. अॅक्टिव्ह पद्धतीत एजंटच्या सेटिंगच्या फाइलमधले होस्टनेम (मशीनचे नाव) आणि सर्व्हरवर नोंदवलेले नाव अक्षरन्‌अक्षर जुळावे लागते, कॅपिटल-स्मॉलसकट. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. अशा बदलानंतर एखाद्या कंपनीने डॅशबोर्डवरची नावे बदलली आणि एजंटच्या फाइलमध्ये जुनेच नाव राहिले, तर गंमत अशी होते की पॅसिव्ह आकडे येत राहतात, मशीन चालू दिसते, फक्त अॅक्टिव्ह आकडे गप्प होतात. पूर्ण बंद पडलेला एजंट यापेक्षा परवडला, तो निदान लगेच लक्षात तरी येतो. एजंटचा लॉग उघडला की होस्ट सापडत नसल्याची तक्रार तिथे सरळ लिहिलेली असते. क्लोन केलेल्या, म्हणजे जशीच्या तशी नक्कल काढलेल्या, व्हर्च्युअल मशीनवर उलटा घोळ होतो: दोघांचे होस्टनेम एकच राहते आणि दोन मशीनचे आकडे एकाच आलेखात वर-खाली उड्या मारतात.

वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली आणि मदरबोर्डची बॅटरी संपलेली असली, तर मशीन चुकीच्या तारखेने उठते. मग सुरक्षित जोडणीसाठीचे मुदतीचे डिजिटल प्रमाणपत्र अवैध ठरते. विंडोज डोमेनमध्ये (एकत्र सांभाळलेल्या मशीनच्या गटात) ओळख तपासणारा केर्बेरॉस मूळ सेटिंगनुसार घड्याळांतला ५ मिनिटांपर्यंतचाच फरक खपवून घेतो. अशा वेळी एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा, सुरू आहे का, हे आधी पाहावे. फायरवॉलवर संशय नंतर.

फाइल दुरुस्त केल्यावर एजंट रिस्टार्ट करणे अनेकदा राहून जाते. चाचणीही आपल्या लॅपटॉपवरून घेऊ नये: झॅबिक्स एजंट फक्त फाइलमध्ये नोंदवलेल्या सर्व्हरच्या पत्त्यालाच उत्तर देतो. त्यामुळे लॅपटॉपवरून पोर्ट उघडे दिसले तरी आकडा मिळत नाही. चाचणी खुद्द मॉनिटरिंग सर्व्हरवरूनच घ्यावी.