अढीतली ऊब

मे महिन्यात आमची आजी अढीत कोपरापर्यंत हात घालायची आणि आंबे न बघताच सांगायची, "आज नको, उद्या काढूया." भाताच्या पेंढ्यात लावलेला पाडाचा मानकुराद, आणि आत हाताला जाणवणारी ऊब. पेंढा ती फक्त धरून ठेवतो. तयार करतो आंबाच. ती कुठून येते याचा माग काढण्यात शास्त्रज्ञांची जवळजवळ तीन पिढ्यांची मेहनत आहे.

केंब्रिजला फ्रँकलिन किड आणि चार्ल्स वेस्ट सफरचंदांच्या साठवणीवर काम करत होते. तोडलेलं फळ किती कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे ते दिवसेंदिवस मोजत. फळाचं श्वसन आधी मंदावतं, पिकायच्या सुमाराला एकदम उसळतं आणि मग उतरतं. १९२५ साली त्यांनी या उसळीला 'क्लायमॅक्टेरिक' म्हटलं. आंबा, केळं, पपई, चिकू यांना ती येते. अननसाला आणि काजूच्या बोंडाला येत नाही, म्हणून ती तोडून ठेवली तरी पिकत नाहीत. १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन वायू सोडतं हे सिद्ध केलं. हा वायू शेजारच्या फळांनाही पिकायला लावतो. अढीत एक आंबा पिकला की बाकीचे त्याच्यामागून का येतात, ते त्यावरून कळतं.

पण पिकताना फळाला एवढा श्वास लागतो कशाला? पेशीतले मायटोकॉन्ड्रिया साखर आणि आम्लं जाळून एटीपी, म्हणजे कामाला लागणारी ऊर्जा, तयार करतात. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात मिलर्ड, बॉनर आणि बियाले यांनी अॅव्होकॅडोवरून अंदाज मांडला की पिकताना जाळणं आणि एटीपी बनवणं यांची सांगड सुटते. पिकणं म्हणजे मोडकळीस येणं, या समजुतीला ते सोयीचं होतं. पुढे १९६०च्या दशकात मायटोकॉन्ड्रिया जपून वेगळे काढले, तेव्हा पिकत्या फळातही ती सांगड शाबूत दिसली. १९६८ मध्ये नासपतीत नवी प्रथिनं बनणं थांबवलं, तर पिकणंच थांबलं. म्हणजे पिकणं हे काम आहे. पिठूळ गराची साखर करायची, पेशींच्या भिंती मऊ करायच्या, केशरी रंग घडवायचा. सगळ्याला ऊर्जा लागते. मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मायटोकॉन्ड्रियात एक आडवाटही असते. तिच्यावरच्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज. या वाटेने एटीपी कमी बनतं आणि जास्त ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सुरणाच्या कुळातली काही फुलं तापतात ती याच वाटेने. १९९५ मध्ये हा विकर आंब्यात अभ्यासला गेला, आणि २००१ च्या एका अभ्यासात क्रम स्पष्ट झाला: मुख्य वाटेची प्रथिनं पाडाच्या आंब्यात सर्वाधिक, आडवाटेचं प्रथिन मात्र पूर्ण पिकल्यावर. ऊर्जा सोडून देणारं आणखी एक प्रथिनही तेव्हाच शिगेला पोचतं.

आंबे झटपट पिकवायला वापरतात त्या कार्बाइडची अडचण इथेच आहे. त्यातून निघणारा अॅसिटिलीन कोवळ्या आंब्याच्याही सालीवर रंग चढवतो, पण जो गर झाडावर भरलाच नाही तो गोड कुठून होणार? कायद्याने कार्बाइडला बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. मानकुराद हे नाव तर पोर्तुगीज 'माल कोरादो'वरून आलं, म्हणजे रंग नीट न चढलेला. आजी त्याची साल कधी बघत नसे. ती देठाजवळ नाक नेई आणि आंबा परत पेंढ्यात ठेवी.